चार मायक्रॉन

मी कापतो, त्या बघतात.
बावीस वर्षं आमचं एवढंच चाललंय.
मेणाचा ठोकळा बर्फावर ठेवायचा,
पातं तिरकं लावून चाक फिरवायचं,
चार मायक्रॉनची पट्टी कोमट पाण्यावर सोडायची.
दुधावर साय धरावी तशी ती पसरते.
त्याआधी मी साखर पेठेत टॉवेलच्या कडा शिवायचो.
हात हलका आहे, असं म्हणून त्यांनीच उचललं मला.

डॉक्टर भाग्यलक्ष्मी चिलका.
चिलका म्हणजे तेलुगूत पोपट,
पण बाई दिवसाला दहा वाक्यं बोलतील तर शपथ.
घरात चार माग होते, त्या खडखडाटात शिकल्या,
म्हणून शांत खोलीत त्यांना सुचत नाही.
तळघरात, फ्रीझरच्या घरघरीशेजारी टेबल मागून घेतलं.

स्वादुपिंड.
नाव ऐकून वाटावं, नैवेद्याचा पदार्थ आहे काय की.
बसलंय मात्र जठराच्या मागं, कण्याला टेकून,
पाहुणे आले की आत जाणाऱ्या माणसासारखं.
दुखायला लागलं की पाठ दुखते. लोक बाम चोळतात.
डोळे पिवळे झाले की कावीळ उतरवून घेतात.
मग अक्कलकोटच्या एसटीतून कुणीतरी हाताला धरून आणतं
आणि त्या फिल्म उजेडाला धरतात.
रागवत नाहीत कुणावर.
मला तेवढं म्हणतात, इरण्णा, सहा महिने.

सात तास उभ्या राहून कापतात, जोडतात,
मग दह्यात कडक भाकरी चुरून, वर शेंगाचटणी,
आणि खाली माझ्याकडं.

भिंगातून त्यांनीच दाखवलं मला:
गाठ म्हणतो आपण, पण हिच्यात गाठ थोडी, धागाच फार.
रोगट पेशी कुठं दोन, कुठं चार,
भोवती नुसती घट्ट वीण.
औषध दारातच अडतं.
वीण उसवली तर?
ह्या एका प्रश्नाला नऊ वर्षं गेली.
उंदीर हैदराबादला, काप माझे,
हिशेब त्यांच्या शाळकरी वहीत.
वीण उसवली. औषध आत गेलं.
आणि उंदीर लवकर मेले.
ते धागे तिला कोंडूनही ठेवत होते.

आमचं चुकलं, हे छापायला कुणी घेईना.
चौथ्या ठिकाणी घेतलं.
त्या दिवशी पेढे नाहीत, काही नाही.
म्हणाल्या, पुन्हा काप.
बांधणारे धागे कुठले अन् वाट देणारे कुठले,
आता वेगवेगळे मोजू.

एका मे महिन्यात रात्री दीडला लाइट गेली,
जनरेटर खोकला आणि बसला.
उणे ऐंशीचा आकडा उणे साठवर आला,
बाहेर रस्ता अजून तापलेला.
त्या गाऊनवर ओढणी घेऊन रिक्षातून आल्या.
मग वॉचमन, दोन नर्सा, मी आणि त्या,
जिन्यावर ओळ लावून
एकेक डबा रक्तपेढीच्या फ्रीझरपर्यंत.
डब्यांवर नुसते नंबर.
माझ्या हाताला मात्र नावं लागत होती:
विडीकामगार नरसव्वा, मुलाण्यांचे हुसेनभाई,
मंगळवेढ्याचे गुरुजी.
एकही जिवंत नव्हतं त्यातलं.
तरी कुणी डबा आपटला नाही.

जिवंत आहेत ते दोनशे चौदा नंबर.
मंद्रूपचे शिवलिंगप्पा, ऑपरेशनला अकरा वर्षं झाली.
दरसाल हुरड्याची पिशवी टेबलावर ठेवतात, विचारतात,
सापडलं का ओ काही माझ्यात?
त्यांच्यासारखीच गाठ, तोच हात, तेच औषध,
बाकीचे गेले. हे का राहिले?
अजून नाही, म्हणतात मॅडम.
ते ओशाळतात, उसनं द्यायचं राहिल्यासारखे.
मग बघा की परत, म्हणतात.

ते गेले की मी ठोकळा काढतो.
बघून बघून मेणच जास्त राहिलंय त्यात,
मांसाचा ठिपका भाताच्या शिताएवढा.
हल्ली मी त्यांचा काप तीन मायक्रॉनचा घेतो.
सांगितलेलं नाही.
रंग जरा फिका उतरतो,
त्यावरून त्यांना कळलं असणार.